पेनड्राइव्ह सोडून नेटवर्कवरून सर्व्हर इन्स्टॉल: सात महिन्यांचा अनुभव

सात महिने झाले, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकायला पेनड्राइव्ह हातात घेतला नाहीये. आमच्याकडे २२ सर्व्हर, आधी प्रत्येकाला मॉनिटर-कीबोर्ड लावून तासभर त्या थंडगार खोलीत उभं राहायला लागायचं, आता पीएक्सईवर, म्हणजे थेट नेटवर्कवरून, बूट करतो आणि जागेवर येऊन बसतो.

सेटअप साधा आहे. एका जुन्या डेस्कटॉपवर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम, तोही प्रॉक्सी मोडमधे, म्हणजे आयपी पत्ता राउटरच देतो आणि डीएनएसमास्क फक्त बूट फाईल कुठे आहे तेवढं सांगतो. त्यामुळे ऑफिसच्या डीएचसीपीला (मशीनना आयपी वाटणारी सेवा) हात लावावा लागला नाही, नवीन करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करा. पुढे आयपीएक्सई (पीएक्सईचाच जास्त सोयी असलेला बूटलोडर) लोड होतं आणि ते बाकीच्या फाईली एचटीटीपीवरून ओढतं. हे कराच, कारण मूळ टीएफटीपी (पीएक्सईची फाईली आणायची जुनी पद्धत) ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतं, पोच आली की मग पुढचा, ४० एमबीची फाईल म्हणजे ८० हजारांच्या आसपास फेऱ्या!

पहिला आठवडा मात्र जाम डोकं खाल्लं. स्क्रीनवर सारखी पीएक्सई-ई५१ ही एरर, म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच नाही, केबल बदलल्या, फायरवॉल बंद केला, काही नाही. शेवटी कळलं की स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधे लूप होऊ न देणारी सोय) चालू आहे, त्यामुळे पोर्ट पुढे डेटा सोडायला ३० सेकंद घेतो आणि आमच्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड तेवढं थांबतच नव्हतं. त्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट बघणं टाळणारं सेटिंग) लावलं आणि लगेच चाललं. दुसरं म्हणजे जुन्या बायोसवाल्या मशीनला वेगळी बूट फाईल लागते, यूईएफआयला (बायोसची नवी जागा घेणारं) वेगळी, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच चालू देणारं सेटिंग) चालू असेल तर सही केलेला बूटलोडरच लागतो.

आता खरं सांगायचं ते. प्रीसीड फाईलमधे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची सगळी उत्तरं भरून ठेवली की इन्स्टॉलर काही विचारत नाही, डिस्क पुसू का हेसुद्धा नाही. तिसऱ्या महिन्यात लाइट गेली, परत आल्यावर बॅकअपचा सर्व्हर चालू झाला, त्याच्या बूट ऑर्डरमधे नेटवर्क पहिलं राहिलं होतं आणि मेनूत आपोआप इन्स्टॉल मीच ठेवलेलं. मी पोचलो तेव्हा स्क्रीनवर कोरं लॉगिन, नवं कोरं डेबियन. चूक पूर्ण माझी. मूळ डेटा दुसरीकडे होता म्हणून वाचलो, पण जुने बॅकअप गेले ते गेलेच, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

तेव्हापासून मेनू आपोआप लोकल डिस्कवरच जातो. इन्स्टॉल फक्त ज्याचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) यादीत आहे त्यालाच, आणि काम संपलं की लेट कमांड (प्रीसीडमधली शेवटी चालणारी कमांड) आमच्या वेब सर्व्हरला हाक मारून ती नोंद काढून टाकते. मॅक टाइप करताना रॅकमागे मोबाईलचा टॉर्च धरून ते बारीक स्टिकर दोनदा वाचा, मी एकदा ८ ला बी वाचून अर्धा तास घालवलाय.

गेल्या महिन्यात एकदम ६ नवीन सर्व्हर आले. सहाच्या सहा एकाच वेळी लावले, चहा पिऊन आलो तर ४ तयार होते, उरलेल्या दोघांत डिस्क एनव्हीएमई (नव्या प्रकारची वेगवान डिस्क, लिनक्समधे तिचं नाव वेगळं असतं) होती आणि प्रीसीडमधे मी एसडीए हे साध्या डिस्कचं नाव लिहिलेलं. ती एक ओळ बदलली, परत बूट केले, जेवायच्या आधी सगळे चालू.