बडोद्यातील एक अर्जलेखन वर्ग : अमेरिकन शहरांची नावे नीट लिहायला शिकवणारा

अमेरिकेत पुढील शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या मुलांकडून इंग्रजी लेखनाची तयारी करून घेणारा एक छोटा वर्ग दांडिया बाजारात, एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर चालतो. वर्ग घेणाऱ्या बाई मराठी आहेत आणि एका तुकडीत सहापेक्षा अधिक मुले घेत नाहीत. माझ्या मुलीने तिथे आठ बैठका पूर्ण केल्या. त्यांपैकी तीन बैठकांना बाईंच्या परवानगीने मीही बसलो. निबंध, शैक्षणिक माहितीपत्रक, प्राध्यापकांना लिहायची पत्रे असे बरेच काही तिथे करून घेतात. परंतु गावांची आणि विद्यापीठांची नावे लिहिण्याकडे तिथे जितके लक्ष दिले जाते, तितके मी अन्यत्र कुठे पाहिले नाही, आणि मुख्यतः त्यासाठीच मी या वर्गाची शिफारस करतो.

आम्ही तिकडे वळलो त्याला कारण घडले. आधी ज्या सल्लागाराकडे काम सोपवले होते, त्याने तयार केलेल्या मसुद्यात ‘सिएटलमधील वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी’ असा उल्लेख तीन ठिकाणी होता. सिएटलमध्ये आहे ती ‘युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन’. ‘वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी’ मिसुरी राज्यातील सेंट लुइस शहरात आहे, आणि लोकांचा असा घोटाळा होऊ नये म्हणून तिने १९७६ मध्ये आपल्या नावाला ‘इन सेंट लुइस’ हे शब्द जोडून घेतले. राजधानीचे वॉशिंग्टन या दोहोंपासून दूर आहे. हा मसुदा तसाच गेला असता, तर आपण कोणत्या गावी शिकायला निघालो आहोत हेच या मुलीला ठाऊक नाही, असे वाचणाऱ्याला वाटले असते. वर्षभराच्या मेहनतीवर असा डाग पडावा, याचे मला फार वाईट वाटले.

बाईंनी सुरुवात अमेरिकेपासून केली नाही, बडोद्यापासून केली. घरात आपण बडोदे म्हणतो, १९७४ पासून शहराचे अधिकृत नाव वडोदरा आहे, आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या नावात मात्र आजही ‘बरोडा’ आहे. तेव्हा पदवीच्या रकान्यात ‘बरोडा’ आणि पत्त्याच्या रकान्यात ‘वडोदरा’ असेच लिहायचे. दोन्हीकडे सारखेपणा आणण्याच्या नादात संस्थेचे नाव बदलायचे नाही, असे त्यांनी बजावले. हाच नियम मग तिकडच्या नावांना लावला. मायामी युनिव्हर्सिटी ओहायो राज्यातील ऑक्सफर्ड गावात आहे, फ्लोरिडात नाही. पोर्टलंड ऑरेगनमध्ये आहे तसे मेनमध्येही आहे. कॅन्सस सिटी नावाची दोन शहरे शेजारीशेजारी आहेत आणि त्यांतले मोठे शहर कॅन्ससमध्ये नसून मिसुरीत आहे. पिट्सबर्गच्या शेवटचा ‘एच’ १८९१ मध्ये सरकारी मंडळाने काढून टाकला होता आणि १९११ मध्ये तो परत आला. म्हणून आज तो लिहायलाच हवा.

सर्वांत उपयोगी भाग स्वल्पविरामाचा. मराठीत आपण ‘कनेटिकटमधील न्यू हेवन’ असे म्हणतो. राज्य आधी येते, गाव नंतर, आणि दोहोंना ‘मधील’ जोडतो. इंग्रजीत क्रम उलटतो आणि ‘मधील’चे काम स्वल्पविराम करतो, इतके बहुतेक मुलांना ठाऊक असते. वाक्य पुढे चालू राहणार असेल, तर राज्याच्या नावानंतरही स्वल्पविराम द्यावा लागतो, हे मात्र चांगले गुण मिळवलेल्या मुलांनाही ठाऊक नसते. राज्याचे नाव कंसात आहे असे समजा, आणि उघडलेला कंस मिटवा, असे बाई सांगतात.

सरावाची वाक्येही त्यांनी आपल्या गावातून निवडली आहेत. सयाजीराव महाराजांनी संस्थानातील ग्रंथालये उभी करण्यासाठी विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावले होते. ‘बोर्डन १९१० मध्ये न्यू हेवन, कनेटिकट, येथून बडोद्याला आले’ अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत लिहायचे होते. माझ्या मुलीने गावानंतर स्वल्पविराम दिला, राज्यानंतरचा राहिला. बाईंनी चूक दाखवली नाही, वाक्य मोठ्याने वाचायला लावले. ‘कनेटिकट’पाशी मुलीचा आवाज आपोआप थांबला, तशी बाईंनी लाल पेन्सिल तिच्याच हातात दिली आणि म्हणाल्या, “थांबलीस ना? मग तिथे दे.” पुढचे वाक्य डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यू यॉर्कला गेले, हे होते, आणि तिथे राज्याचे नाव लागतच नाही. बॉस्टन, शिकागो यांच्यासारखी शहरेही एकटी चालतात. राज्याची दोन अक्षरी संक्षिप्त रूपे टपालाच्या पत्त्यात वापरायची आणि निबंधात राज्याचे नाव पूर्ण लिहायचे, असा बाईंचा दंडक आहे. तो मला फार पटला, कारण ‘एम’पासून सुरू होणारी आठ राज्ये आहेत आणि ‘एमआय’ म्हणजे मिशिगन की मिसिसिपी, हे आपल्याकडे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. सरावाच्या कागदांच्या छायाप्रती इतक्या पुसट आहेत की स्वल्पविराम कोणता आणि पूर्णविराम कोणता हे कळत नाही. ज्या वर्गात नेमके हेच शिकवायचे आहे, तिथे छपाई स्वच्छच असली पाहिजे. दुसरी गोष्ट उच्चारांची. कनेटिकटमधला मधला ‘सी’ बोलत नाही, इलिनॉयच्या शेवटचा ‘एस’ बोलत नाही, आणि लुईव्हिलमध्ये गप्प राहणारा ‘एस’ सेंट लुइसमध्ये मात्र ऐकू येतो. देवनागरीत हे सगळे जसेच्या तसे लिहून देता येते, तरीही उच्चारांना आठ बैठकांत मिळून अर्धा तासही मिळाला नाही. मुलाखत द्यावी लागणाऱ्या मुलांसाठी ही उणीव मोठी आहे.

आठ बैठकांचे चार हजार रुपये घेतात, आणि शेवटचा मसुदा बाई स्वतः ओळीने तपासून देतात. जाताना आपला मसुदा छापून न्यावा, कारण त्या पडद्यावर तपासत नाहीत. दिवाळीनंतर अर्जांची गर्दी वाढते आणि जागा सहाच असतात, तेव्हा जुलैतच नाव नोंदवलेले बरे.