बायपासनंतर छातीचं हाड: तार की प्लेट?

बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात. ते परत जोडायला बहुतेक ठिकाणी स्टीलच्या तारा: सहा-आठ फेरे, पिळून घट्ट. स्वस्त काम. शिवाय आयसीयूत मध्यरात्री रक्तस्राव झालाच, तर कटरने तारा तोडून छाती मिनिटभरात उघडता येते. मला हाच फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

पण तार बारीक. हाड ठिसूळ आणि खोकला जोराचा असेल, तर दोऱ्याने साबण कापावा तशी ती हाडात रुतत जाते. मग कूस बदलताना छातीत ‘कट्’ वाजतं, हाड हललेलं हाताला लागतं. असं झालं की सर्जनला कळवायचंच. सोबत ताप असेल किंवा जखमेतून पाणी येत असेल, तर त्याच दिवशी गाठायचं.

टायटॅनियमची प्लेट स्क्रूंनी बसते, ताण पसरवते, हाडाला हलू देत नाही. महाग मात्र चांगलीच, आणि घाईत काढायला तारेपेक्षा किचकट. सरसकट सगळ्यांना नकोच. मधुमेह, लठ्ठपणा, फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर ऑपरेशनआधी विचारून ठेवावं.

तार असो की प्लेट, हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने. तोवर बादली दुसऱ्याने उचलायची, आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची.