संदेष्ट्यांवरील ऑनलाइन अभ्यासवर्ग : माझा अभिप्राय

बायबलच्या जुन्या करारातील हिब्रू संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणाऱ्यांच्या, ग्रंथांतील न्याय आणि पुनःस्थापना या विषयावरचा आठ आठवड्यांचा मराठी अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. दर शनिवारी सायंकाळी दीड तास भरणाऱ्या या वर्गाचे मोठे बळ हे की, तेथे आशेची वचने शिक्षेच्या वचनांपासून तोडून वाचली जात नाहीत.

यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथातील 32व्या अध्यायाला संपूर्ण सत्र दिले होते आणि ते योग्यच होते. यरुशलेमेला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा पडला आहे, नगर पडणार असे सांगितल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी तो चुलतभाऊ हानामेल याच्याकडून अनाथोथचे शेत 17 शेकेल (वजनाचे प्राचीन माप) चांदी तोलून देऊन विकत घेतो. साक्षीदार, मोहोरबंद खरेदीखत, त्याची उघडी प्रत आणि दोन्ही पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्याची लेखनिक बारूखला दिलेली आज्ञा, या प्रत्येक तपशिलावर शिक्षिका थांबल्या. शत्रूच्या हाती जाणाऱ्या जमिनीचे खत जपून ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी सातबाराचे कागद पत्र्याच्या पेटीत जपलेले असतात त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दिनदर्शिकांवर हमखास छापले जाणारे यिर्मया 29:11 हे आशादायी भविष्याचे वचनही आधीच्या ओवीसह वाचले गेले. त्या ओवीत 70 वर्षांची मुदत आहे; म्हणजे बाबेलला बंदी करून नेलेल्यांना यिर्मयाने पाठवलेले ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. हे लक्षात आल्यावर माझे मन हेलावले. होशेय या संदेष्ट्याच्या सत्रात, लुटीतील वस्तू चोरणाऱ्या आखानाला जेथे दगडमार झाला त्या अखोरच्या खोऱ्यालाच देव आशेचे द्वार करणार आहे, हा संदर्भही नेमका उलगडला.

उणीव शेवटच्या भागात जाणवली. यहेज्केलाने पाहिलेले शुष्क अस्थींचे खोरे आणि यशयाचा 40वा अध्याय एकाच सत्रात उरकले. पारसचा राजा कोरेश याने इ.स.पू. 539 मध्ये बाबेल जिंकल्यावर मायदेशी परतलेल्यांच्या वाट्याला आलेल्या निराशेला तर दहा मिनिटेही मिळाली नाहीत. यरुशलेमेतील उद्ध्वस्त झालेल्या पहिल्या मंदिराचे वैभव पाहिलेले तुमच्यात कोण उरले आहे, हा संदेष्टा हाग्गय याचा प्रश्न वचन आणि प्रत्यक्ष यांतील अंतरावर बोट ठेवतो. त्यासाठी नववे सत्र ठेवल्यास मी आनंदाने वेगळे शुल्क भरेन.