सियागंजातला चिनी मातीचा इन्सुलेटर: चार महिन्यांनंतर

रामबागेतल्या आमच्या गच्चीवर हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडचा डायपोल आहे, म्हणजे मधोमध दोन भाग केलेल्या साधारण २० मीटर तारेचा अँटेना. टोकांना इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपचे तुकडे होते. इंदूरचे तीन उन्हाळे खाऊन ते पांढरट पडले आणि भोकापाशी चिरले. अॅरल्डाइट भरलं, वरून नायलॉनची दोरी आवळली; पहिल्याच वावटळीत पुन्हा तडकले. डायपोलच्या टोकांना व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, तिथे असली डागडुजी चालत नाही.

सियागंजात विजेच्या सामानाच्या एका जुन्या दुकानात एग इन्सुलेटर, म्हणजे अंड्याच्या आकाराचा चिनी मातीचा इन्सुलेटर, मागितला. दुकानदार काकांनी डबाच पुढे ठेवला. “टिचकी मारून घ्या, खणखणीत वाजला तरच न्या.” सहांपैकी एक बद्द वाजला, तो त्यांनी स्वतःच बाजूला काढला. मग सुतळीचे दोन तुकडे घेऊन ओवून दाखवलं: दोन्ही फास एकमेकांत अडकले पाहिजेत. त्यामुळे ताण माती दाबतो, ओढत नाही. आणि इन्सुलेटर फुटला तरी तार खाली येत नाही. हे मला इतक्या वर्षांत कुणी हातात धरून शिकवलं नव्हतं!

खाचेत एका ठिकाणी चकाकी खडबडीत होती, तिथे तार घासते. तेवढं बघून घ्या. मधला इन्सुलेटर मात्र त्यांच्याकडे नाही. तो मी टेफ्लॉनच्या पट्टीतून भोकं पाडून केला, कारण टेफ्लॉन पाणी शोषत नाही.

अख्खा पावसाळा गेला, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत फिरते, ते दाखवणारा आकडा) जागचा हलला नाही. दुकान रविवारी बंद असतं.