रामनगर की बेसा: दोन्हीकडे राहून पाहिल्यावर

मे संपत आला की ओळखीपाळखीतून एक फोन ठरलेला असतो. यंदाचा फोन अमरावतीहून होता. मुलीला नागपूर विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचाय, वडिलांची बदली मिहानात, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-आयटीच्या भागात, झालीय, घरात आजी आहे. "भाऊ, तुम्ही बेसाला राहून आले, आता रामनगरात राहून राहिले. आम्ही घर कुठे पाहावं?" फोनवर तासभर बोललो, तरी बरंच राहून गेलं. म्हणून हे लिहून काढतोय.

बेसा म्हणजे नागपूरच्या दक्षिण टोकाची नवी वस्ती. तिथे आम्ही २०१७ ते २०२१ अशी चार वर्षं राहिलो. तो फ्लॅट आमचा स्वतःचा आहे. जून २०२१ मध्ये तो भाड्याने दिला आणि रामनगरात, विद्यापीठाच्या अलीकडे, भाड्याच्या घरात आलो. म्हणजे स्वतःचं घर सोडून दुसऱ्याच्या घरात. नातेवाइकांना हे अजून पटलेलं नाही, आणि हिशेबाच्या वहीत पाहिलं तर त्यांचं चुकतंय असं मलाही म्हणता येत नाही.

आधी बेसाचं चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. जागा मोठी, हवा खेळती, गाडी लावायला स्वतःची जागा. रात्री दहा वाजता लेआउट, म्हणजे आमची वसाहत, शांत. लॉकडाऊनमध्ये तर ती गच्ची आणि ते मोकळं आकाश नसतं तर आमचं काय झालं असतं, असं आजही वाटतं. मिहान तिथून जवळ. मी वीस-पंचवीस मिनिटांत ऑफिसात पोचत असे. भाड्याचं म्हणाल तर बेसातल्या दोन बेडरूमच्या भाड्यात रामनगरात जेमतेम एक बेडरूम मिळते, तीही जुन्या बांधणीची. त्रास होता तो बोअरच्या पाण्याचा. आमच्या इमारतीचं पाणी इतकं जड की कूलरच्या ताट्यांवर महिनाभरात पांढरे क्षार चढायचे आणि मे महिन्यात, ऐन पंचेचाळीस अंशांत, ताट्या बदलाव्या लागायच्या. पण पाण्यासाठी कोणी घर सोडत नाही. आम्हीही त्यासाठी सोडलं नाही.

रामनगरच्या बाजूचं चित्र वेगळं. इथे विद्यापीठ नुसतं शेजारी नाही, ते गल्लीत उतरलेलं आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचा कॅम्पस अमरावती रोडवर, आणि त्याच रस्त्यावर एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली ही संस्था २०२३ पासून स्वतंत्र विद्यापीठ झाली. त्याच रस्त्यावर लॉ कॉलेज. यात स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अभ्यासिका मिळवा. मग रविनगर, भरतनगर, रामनगर या पट्ट्यात दर तिसऱ्या फाटकावर "रूम भाड्याने देणे आहे, फक्त मुलींसाठी" अशी पाटी का दिसते ते कळेल. बरेच घरमालक खोलीचं भाडं कॉटमागे घेतात. एका खोलीत तीन कॉट लावल्या की कुटुंबाकडून मिळणार नाही एवढी रक्कम हातात येते, म्हणून कुटुंबाला घर मिळायला इथे वेळ लागतो. आम्हाला दोन महिने लागले. तुम्ही मे महिन्यातच शोधायला लागा. उन्हाळी परीक्षा संपून खोल्या रिकाम्या होतात आणि जुलैत नवे प्रवेश आले की काही हाती लागत नाही.

आवाज आहे, आणि तो मी कमी करून सांगणार नाही. रात्री बारा वाजता कोणाचा तरी वाढदिवस असतोच. केक कापतात, फटाक्याची एखादी लड लावतात, मग फुटाळा तलावावर जायचं की नाही यावर पंधरा मिनिटं गाड्या चालू ठेवून चर्चा. पहिल्या वर्षी माझी झोप मोडायची. त्याहून जास्त त्रास फाटकासमोरच्या गाड्यांचा. सकाळी ऑफिसला निघावं तर फाटकाला चिकटून तीन बाईक, एक स्कुटी. हाक मारली की वरून आवाज येतो, "काकाजी, दोनच मिनिटं, काढतो नं." दोन मिनिटांत येतात, हे मान्य करायला हवं. हिवाळी परीक्षेच्या दिवसांत मात्र हीच गल्ली इतकी गप्प होते की अभ्यासिकेच्या दारात काढलेल्या चपलांचा ढीग पाहूनच आत माणसं आहेत हे समजतं. आणि अमरावती रोडवर उड्डाणपुलाचं काम चालू असताना आम्ही जी धूळ खाल्ली, ती बेसात कधी खाल्ली नव्हती.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की बेसाच बरं. मलाही चार वर्षं तसंच वाटत होतं.

माझ्यासाठी निकाल लागला तो सांभारावर. अमरावतीकरांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. बेसात आमच्या लेआउटपासून भाजीचं दुकान सव्वा किलोमीटरवर होतं, आणि तो सव्वा किलोमीटर पायी चालण्याजोगा नव्हता. फुटपाथ नाही, कडेला मुरूम, पावसाळ्यात चिखल, आणि नवं बांधकाम सगळीकडे चालू असल्यामुळे दिवसभर टिप्परची ये-जा. झाडं अजून कमरेएवढी. त्यामुळे दूध, भाजी, औषध, झेरॉक्स, चहापत्ती, काहीही आणायचं तर गाडी काढा. जुडीभर सांभारासाठी गाडी काढा. मला याचं फारसं काही वाटायचं नाही, कारण किल्ली माझ्या खिशात होती.

बाबांच्या खिशात नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईने त्यांच्या स्कूटरची किल्ली कपाटात ठेवली ती ठेवलीच. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. तब्येत ठणठणीत, चालायची सवय आयुष्यभराची. पण चालून जायचं कुठे? लेआउटच्या आतल्या रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या की संपलं. दुपारी साडेचारला ते स्वच्छ शर्ट घालायचे, पायात चपला चढवायचे आणि गॅलरीत खुर्ची घेऊन बसायचे. मी ऑफिसातून साडेसहाला यायचो. तोवर चपला पायातच. मी आलो की म्हणायचे, "काही आणायचं आहे का? येतो मी बरोबर." मागच्या सीटवर बसून बाहेर पडण्यासाठी ते दिवसभर थांबलेले असायचे, हे कळायला मला फार उशीर झाला.

२०२० च्या ऑगस्टमधली गोष्ट. घरी पाहुणे यायचे होते, आईने पाटोडी केली होती, आणि वर घालायला सांभार नव्हता. मी घरी नव्हतो. बाबा कोणाला न सांगता छत्री घेऊन पायी निघाले. परत आले तेव्हा मी नुकताच पोचलो होतो. दारात उभे होते. टिप्परने उडवलेल्या चिखलाने पायजमा गुडघ्याच्या वरपर्यंत भरलेला, चष्म्याच्या एका काचेवर लाल मातीचा शिंतोडा, छत्री मिटलेली. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला मात्र घट्ट गाठ मारलेली. पिशवी आईच्या हातात देत म्हणाले, "जुडी कोरडी आहे, पाहून घे." त्या रात्री मी बायकोला म्हटलं, आपण इथून जाऊ.

आता रामनगर. गोकुळपेठेचा बाजार आमच्या घरापासून माझ्या चालीने दहा-बारा मिनिटं, बाबांच्या चालीने वीस. रस्त्याला जुनी कडुलिंबं आहेत, त्यामुळे एप्रिलमध्येही सकाळी नऊपर्यंत सावलीतून जाता येतं. बाबा रोज जातात. कापडी पिशवी घेऊन जातात आणि कधीकधी नुसती दहा रुपयांची मिरची घेऊन येतात, कारण मिरची हे निमित्त असतं. भाजीवाली त्यांना "बाबाजी, आज सांभार घेऊ नका, उद्या ताजा येणार आहे" असं सांगते. रामनगर चौकात पोह्यांच्या गाडीवर सकाळी पोरांच्या गर्दीत ते उभे असतात; तर्री कमी घालायची हे गाडीवाल्याला सांगावं लागत नाही. शेजारच्या खोल्यांमधली पोरं त्यांच्याकडून अर्ज तपासून घेतात, कारण बाबांची उभी नोकरी सरकारी कागदांत गेली. गडचिरोलीकडचा एक मुलगा तर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पाया पडून गेला.

जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८वं अधिवेशन याच कॅम्पसवर भरलं होतं. अमरावती रोडवर गाड्यांची रांग हलत नव्हती, मी चिडलो होतो. बाबा मात्र तिथलं प्रदर्शन पाहायला पायी गेले, आणि एकदा नव्हे, तीनदा. रात्री जेवताना काय काय पाहिलं ते सांगत होते. कोणाला विचारावं लागलं नाही, कोणाची वाट पाहावी लागली नाही.

म्हणून अमरावतीच्या त्या फोनवर मी मुलीच्या कॉलेजपेक्षा आजींबद्दल जास्त विचारलं. मुलगी कुठूनही जाईल. बेसाहून विद्यापीठ गाडीने तास-पाऊण तास; रामनगरातून चालत पंधरा-वीस मिनिटं, सायकल असेल तर प्रश्नच नाही. प्रयोगशाळा संध्याकाळी उशिरा सुटली तरी रस्त्यावर जाग असते, हे मुलीच्या आईला महत्त्वाचं वाटेल. वडिलांचा प्रवास मात्र वाढेल. मी स्वतः एलएडी चौकातून मेट्रो पकडतो, सीताबर्डीला ॲक्वा लाइनवरून ऑरेंज लाइनवर बदलतो आणि खापरीला उतरतो; पुढे ऑफिसची गाडी येते. घरातून टेबलापर्यंत सव्वा तास जातो. बेसाच्या तिप्पट. पण त्या सव्वा तासात मी वाचतो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर मला पुन्हा किल्ली उचलावी लागत नाही. हा हिशेब प्रत्येकाला पटेलच असं नाही. ज्यांची पाळी रात्रीची असते, त्यांना मेट्रो उपयोगाची नाही आणि दिवसा झोपायला रामनगर सोयीचं नाही. त्यांनी बेसाच पाहावं.

घर पाहताना दोन-तीन गोष्टी. एक, दिवाळीच्या सुटीत किंवा मे महिन्यात या भागात घर पाहिलं तर गल्ली शांत वाटेल आणि फसगत होईल. घर मेमध्येच शोधावं लागतं हे खरं, पण करार करण्याआधी शेजारच्या एखाद्या जुन्या कुटुंबाला ऑगस्टमधल्या रात्रीबद्दल विचारा. खोली गल्लीच्या बाजूला आहे की मागे, एवढ्याने झोपेत फार फरक पडतो. आम्ही बेडरूम मागची घेतली आणि दुसऱ्या वर्षापासून बारा वाजताचे वाढदिवस मला ऐकू येईनासे झाले. दुसरं, पाणी कुठवर चढतं ते पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या वस्त्यांत लोकांच्या घरात पाणी शिरलं. आमचं घर चढावर आहे, आम्ही वाचलो. पण नदीच्या बाजूला तळमजला मिळत असेल आणि भाडं संशय यावा इतकं कमी असेल, तर भिंतीवर ओलीची रेघ कुठे आहे ते बघून घ्या. तिसरं, फाटकासमोरच्या गाड्यांबद्दल पहिल्याच आठवड्यात पोरांशी चहा घेऊन बोला. आम्ही पाटी लावली होती, तिचा उपयोग झाला नाही. चहाचा झाला.

मधला पर्याय म्हणून बजाजनगर-लक्ष्मीनगरचा विचार जरूर करा. तिथल्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेची मुलं बहुतेक आत वसतिगृहात राहतात, त्यामुळे तिथल्या गल्ल्या रामनगरपेक्षा निवांत आहेत आणि बाजार पायी आहे. भाडं मात्र रामनगरइतकंच, आणि विद्यापीठ लांब. तुमच्या मुलीसाठी तो पर्याय मला तितकासा सोयीचा वाटत नाही.

पैशाचा ताण असेल, घरात सगळे गाडी चालवणारे असतील, लहान मुलांना खेळायला जागा हवी असेल, तर बेसा वाईट नाही, हे मी मनापासून म्हणतो. गेल्या चार-पाच वर्षांत तिथेही दुकानं वाढलीत असं आमचे भाडेकरू सांगतात. ते नवरा-बायको दोघेही मिहानात आहेत, दोघांकडे दोन गाड्या आहेत, आणि त्यांना तो फ्लॅट फार आवडतो. करार या जूनमध्ये संपत होता. मागच्या आठवड्यात त्यांनी आणखी अकरा महिने वाढवून मागितला. बाबांना विचारलं, तेव्हा ते बाजाराला निघाले होते. पिशवी झटकत म्हणाले, "वाढवून दे." त्याच संध्याकाळी मी सही केली.