जुना कंट्रोलर टॅबलेटला ‘जोडून देणारा’ डबा आणि बदललेला रिमोट

जुन्या प्लेस्टेशनचा कंट्रोलर टॅबलेटला जोडून देतो असं सांगत कोणी तुमच्यापुढे निळा दिवा लागणारा छोटा काळा डबा धरला, तर एवढंच म्हणा: गेम चालू असताना तो डबा उपटून दाखवा. बाकी काही विचारायची गरज नाही. आमचे २,३५० रुपये गेले (त्यातले ५०० नंतर कसेबसे परत मिळाले), टॅबलेटमधला सगळा डेटा गेला आणि भावाचा एक अस्सल कंट्रोलर गेला, तो ह्याच डब्यापायी. दुकान मुंबईत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडच्या एका आतल्या गल्लीत आहे. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. आणि त्या रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने धंदा करणारे लोकही आहेत, त्यांना उगाच डाग नको.

भावाचा पीएस थ्री, म्हणजे प्लेस्टेशन ३ होता. मशीन केव्हाच बंद पडलं, पण दोन कंट्रोलर, म्हणजे त्याच्या भाषेत रिमोट, त्याने जपून डब्यात घालून माळ्यावर ठेवले होते. आमच्याकडे २०२० मध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला अँड्रॉइड टॅबलेट. मुलाला त्याच्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता, आणि काचेवर अंगठे घासून त्याचं समाधान होईना. त्याच्या मित्राचा पीएस फोरचा कंट्रोलर ह्याच टॅबलेटला चुटकीसरशी जोडला गेला होता, मग मामाचा का जोडला जाऊ नये, हा त्याचा सवाल.

तो का जोडला जात नाही, हे मला आता तोंडपाठ आहे. तेव्हा दुकानदाराला माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं, ह्या एवढ्याशा फरकावर त्याचा सगळा धंदा उभा आहे.

पीएस फोरचा कंट्रोलर, ड्युअलशॉक फोर, २०१३ चा. त्याचं शेअर बटण आणि मधलं पीएस बटण एकत्र दाबून धरलं की पुढची दिव्याची पट्टी भराभर लुकलुकायला लागते आणि टॅबलेटच्या ब्लूटूथ यादीत नाव येतं. अँड्रॉइड १० पासून आणि आयपॅडवर २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून तो सरळ चालतो. पीएस थ्रीच्या ड्युअलशॉक थ्रीमध्येही ब्लूटूथ आहेच, पण ‘मी इथे आहे, मला जोडा’ असं सगळ्यांना सांगायची सोयच त्याच्यात नाही. केबलने तो पीएस थ्रीला लावला की मशीन स्वतःचा ब्लूटूथ पत्ता त्याच्या पोटात लिहून ठेवतं. त्यानंतर पीएस बटण दाबलं की तो फक्त त्याच पत्त्याला हाक मारतो. लग्न लागल्यासारखंच! टॅबलेटवर कितीही वेळा ‘शोधा’ दाबा, यादीत नाव येणार नाही. चार लाल दिवे थोडा वेळ लुकलुकतात आणि विझतात.

तर आम्ही मायलेक ग्रँट रोडला उतरून चालत गेलो. दोन-तीन दुकानांत ‘नाही होत, नवीन घ्या’ असं सरळ उत्तर मिळालं. ते लोक खरं बोलत होते हे आता कळतंय. चौथ्या ठिकाणी काउंटरवरचा माणूस अस्खलित मराठीत म्हणाला, “ताई, रोज पाच-दहा जण येतात ह्यासाठी. बसा, दाखवतो.”

त्याने काचेवर स्वतःचा टॅबलेट ठेवला. त्याच्या चार्जिंगच्या खाचेत आगपेटीएवढा काळा डबा खुपसला. डब्यात निळा दिवा लागला. मग आमच्यासारखाच एक पीएस थ्रीचा कंट्रोलर घेऊन मधलं बटण दाबलं, आणि गाडी धावायला लागली. मुलाच्या हातात दिला, त्यानेही एक फेरी मारली. “कन्व्हर्टर आहे हा. कुठलाही जुना रिमोट पकडतो.” किंमत १,४५० रुपये. बिल मागितलं तर एस्टिमेटच्या चिठ्ठीवर ‘गेम कन्व्हर्टर’ एवढं लिहून दिलं, खाली ना सही ना शिक्का. यूपीआय केलं तेव्हा क्यूआरवर दुकानाचं नाव आलं नाही, कोणा भलत्याच व्यक्तीचं आलं. ‘भाच्याचं खातं आहे’ म्हणाला.

घरी आल्यावर डबा लावला. निळा दिवा लागला. बाकी जैसे थे, चार लाल दिवे लुकलुकले आणि विझले. मग मुलगा म्हणाला, “आई, दुकानात माझा हात लागून तो डबा अर्धा बाहेर आला होता. काकांनी पटकन आत दाबला. पण गाडी थांबली नव्हती.”

डबा नंतर भावाने उघडला. आत यूएसबीच्या एका टोकाच्या चार तारा सरळ दुसऱ्या टोकाला गेलेल्या, आणि मधे एक दिवा नि एक रेझिस्टर. म्हणजे साधा ओटीजी अडॅप्टर, टॅबलेटच्या चार्जिंगच्या खाचेत यूएसबीच्या वस्तू लावायचा जोड, रेल्वे स्टेशनबाहेर शंभराच्या आत मिळतो तो. दिवा लावून त्याला कन्व्हर्टर केलेला. दुकानातला कंट्रोलर चालत होता तो दुकानदाराचा टॅबलेट आधीच रूट केलेला, म्हणजे कंपनीची बंधनं काढून आतल्या सॉफ्टवेअरवर पूर्ण ताबा मिळवलेला होता म्हणून. रूट केलेल्या अँड्रॉइडवर एक प्रकारचं ॲप चालतं, जे टॅबलेटचा पत्ता कंट्रोलरमध्ये लिहितं आणि टॅबलेटलाच पीएस थ्री बनवतं. त्यात डब्याचं काडीचंही काम नाही. डबा फक्त पैसे घ्यायला.

फोन केला तर आवाजात तोच गोडवा. “ताई, तुमच्या टॅबलेटला कंपनीचं लॉक आहे. घेऊन या, अनलॉक करून देतो. दोन्ही रिमोट पण आणा, एकदमच सेट करतो. रात्रभर ठेवावं लागेल.” त्याचे ९०० रुपये वेगळे. आधीचे १,४५० वाया जाऊ नयेत म्हणून माणूस हे ९०० देतो, आणि हा हिशेब त्याला पक्का ठाऊक असतो.

दुसऱ्या संध्याकाळी टॅबलेट परत मिळाला. एक कंट्रोलर त्याने आमच्यासमोर चालवून दाखवला, खरंच चालला. दुसऱ्याची बॅटरी उतरली आहे, घरी चार्ज करा म्हणाला. टॅबलेट सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक इशारा आला, की ह्या उपकरणाचं कुलूप उघडलेलं आहे, त्याच्या सुरक्षिततेची खात्री नाही. “ते येतंच, दुर्लक्ष करा,” असं सांगितलं.

दुर्लक्ष कसं करणार? रूट करण्यासाठी आधी बूटलोडरचं, म्हणजे टॅबलेट सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं कुलूप काढतात, आणि ते उघडताना बहुतेक अँड्रॉइड टॅबलेट स्वतःला पुसून कोरे करतात. मुलाच्या शाळेच्या वह्यांचे फोटो, माझ्या आईच्या पंच्याहत्तरीचे व्हिडिओ, सगळं साफ. हे होणार आहे, आधी कॉपी काढून घ्या, एवढं एक वाक्य बोलायला त्याला जड झालं होतं. आणि माझं बँकेचं ॲप उघडलं तर ‘हे उपकरण रूट केलेलं आहे’ म्हणून तिथल्या तिथे बंद. ह्यात बँकेचा दोष नाही. रूट केलेल्या उपकरणात ती परवानगी मिळालेलं ॲप दुसऱ्या ॲपच्या खोलीत डोकावू शकतं, म्हणून बँकांची ॲपं तिथे चालायला नकार देतात. मला धास्ती वेगळीच वाटली: रात्रभर त्या माणसाच्या ताब्यात असताना टॅबलेटमध्ये आणखी काय काय घातलं गेलं असेल? त्याच रात्री ईमेलचे पासवर्ड बदलले आणि त्या टॅबलेटवरून सगळीकडून लॉगआउट केलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिलं काम हे करा, भांडायला नंतर जा.

आता बदललेल्या रिमोटची गोष्ट, कारण खरी चोरी तीच आहे.

दुसरा कंट्रोलर मी फोनच्या चार्जरला लावला. चार लाल दिवे हळूहळू लुकलुकायला लागले. तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, “हा माझा नाही.” मला काही कळेना. तो सांगायला लागला, पीएस थ्रीचा अस्सल कंट्रोलर भिंतीतल्या साध्या चार्जरवर चार्ज होत नाही. समोर बोलणारं यूएसबी मशीन लागतं, पीएस थ्री किंवा कॉम्प्युटर. म्हणून त्याला रात्री पीएस थ्री चालूच ठेवावा लागायचा आणि आई विजेच्या बिलावरून ओरडायची. मग त्याने मला एकेक गोष्ट बघायला लावली. अस्सल कंट्रोलर हातात धरला तर जड लागतो, कारण दोन्ही मुठींत थरथर करणाऱ्या मोटारी असतात. हा हलका, हलवला की आत काहीतरी खुळखुळतं. भावाच्या कंट्रोलरवर डाव्या काडीचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं, इथे रबर करकरीत. पाठीमागच्या लेबलावर सोनीचं नाव नाही, ‘ड्युअलशॉक’च्या जागी ‘डबलशॉक’ छापलेलं. अक्षरांचं वळण तेच, लांबून कोणी वाचणार नाही.

जो चालवून दाखवला तो आमचाच होता. त्याशिवाय पैसे कसे मिळाले असते? बदलला तो ‘बॅटरी उतरलेला’. असे अस्सल कंट्रोलर आता नवे बनत नाहीत, ज्यांचे पीएस थ्री अजून चालू आहेत ते चांगले पैसे मोजून शोधत असतात. हे मला माहीत नव्हतं, पण काउंटरपलीकडच्याला चांगलंच माहीत होतं.

परत गेलो तेव्हा चोराच्या उलट्या बोंबा. “ताई, आमच्याकडे असे शंभर पडलेत, तुमचा जुना आम्ही कशाला बदलू? रबर खराब होतं, नवीन टाकून दिलं, त्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.” लेबलाचं विचारल्यावर ‘आणलात तेव्हा असंच होतं’. शेजारच्या दुकानातली माणसं मोबाइलमध्ये मान घालून बसली. शेवटी ‘तुमचा मान म्हणून’ पाचशेची नोट पुढे केली. ती घेतली, पण ‘डब्याच्या किमतीपैकी ५०० परत’ असं त्याच्याच चिठ्ठीवर त्याच्याकडून लिहून घेतलं. रागाच्या भरात त्याने लिहिलं, आणि डबा त्यानेच विकला ह्याचा त्याच्या अक्षरातला हा एकमेव पुरावा आज माझ्याकडे आहे.

बऱ्याच जणांनी मला १९३० ला फोन कर म्हणून सांगितलं. तो क्रमांक ऑनलाइन आर्थिक फसवणुकीचा, कोणी लिंक पाठवून किंवा ओटीपी काढून खात्यातले पैसे पळवले तर तिथे लगेच फोन करायचा. दुकानात समोरासमोर खोटा माल गळ्यात मारला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो. वस्तू बदलण्याबद्दल पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे, त्याची पोच घेतली आहे.

कोणाच्या घरी असेच जुने कंट्रोलर पडून असतील, तर कुठल्याही दुकानात जाण्याआधी घरीच एवढं बघा. पीएस फोरचा असेल तर दुकानाची गरजच नाही. पीएस थ्रीचा असेल तर चांगली मिनी यूएसबी केबल आणि साधा ओटीजी घेऊन टॅबलेटला लावा आणि पीएस बटण दाबा. काही अँड्रॉइड टॅबलेटवर तो असा चालतो, काहींवर नाही, आणि नाही चालला तर असल्या नुसत्या तारा नि दिव्याच्या डब्याने चालणार नाही. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, आतून डेटाच्या तारा असलेली हवी. एक्सबॉक्स ३६० चा वायरवाला कंट्रोलर बऱ्याच अँड्रॉइडवर ओटीजीने चालतो. बिनवायरचा ३६० मात्र ब्लूटूथवाला नाहीच, त्याची रेडिओ पद्धत वेगळी, आणि त्याच्या चार्जिंग केबलमधून फक्त वीज जाते. एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर २०१६ च्या आधीचे असतील तर त्यांच्यातही ब्लूटूथ नाही. ओळखायची खूण सोपी: मधल्या मोठ्या बटणाभोवतीचं प्लास्टिक वरच्या खांद्याच्या बटणांच्या तुकड्याला जोडलेलं असेल तर जुना, कंट्रोलरच्या दर्शनी भागाशी सलग असेल तर ब्लूटूथवाला.

आणि वस्तू दुकानात ठेवून यायचीच असेल तर तिच्या सगळ्या बाजूंचे आणि मागच्या लेबलाचे फोटो दुकानदारासमोर काढा, पावतीवर त्यातले आकडे लिहून घ्या. फोटो काढताना त्याचा चेहरा बघा.

टॅबलेटमध्ये कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घेतलं, त्याचे पैसे वेगळे पडले. बँकेचं ॲप चालू झालं. उरलेला अस्सल कंट्रोलर त्यामुळे पुन्हा बिनकामाचा झाला, भावाने तो कुरिअरने मागवून घेतलाय. डबलशॉक माझ्याकडेच आहे, चिठ्ठी आणि उघडलेला डबा ह्यांच्यासोबत एका पाकिटात घालून. १९१५ वर केलेल्या तक्रारीला दुकानदाराचं उत्तर अजून आलेलं नाही.