तेराचा खेळ की पंधराचा? वेल्समध्ये रग्बी क्लब निवडण्याआधी

कार्डिफला किंवा स्वान्सीला शिकायला, नोकरीला आलात आणि रग्बी खेळायची खुमखुमी असेल, तर पहिला प्रश्न क्लबचा नसतो, खेळाचा असतो. इथे रग्बी म्हटलं की पंधरा जणांचं युनियनच धरून चालतात. तेरा जणांची लीग म्हणजे उत्तर इंग्लंडचं काहीतरी, असा समज. पण वेल्समध्येही हौशी लीग क्लब आहेत, आणि ते असे का आहेत हे कळलं की निवड निम्मी सोपी होते.

हे दोन्ही आधी एकच खेळ होते, भांडणातून वेगळे झाले. त्या भांडणाचं मूळ गिरणगावातल्या कुणालाही एका शब्दात कळेल: खाडा. उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-खाणींतले कामगार शनिवारी सामन्याला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी असं तिथल्या क्लबांचं म्हणणं. युनियनवाले म्हणाले, एक पेनीही नाही. २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हे क्लब फुटून निघाले, त्यांचा खेळ पुढे लीग झाला. वेल्सचे खाणकामगारही याच दुखण्याचे धनी, पण ते युनियनमध्येच राहिले. तिथे सामन्यानंतर पैसे बुटात सापडायचे आणि सगळे हौशीच म्हणवायचे.

१९०७ला मर्थर टिडफिल आणि एबू व्हेल उघडपणे नव्या बाजूला गेले. पुढच्या वर्षी अॅबरडेअर, बॅरी, मिड-ऱ्हाँडा आणि ट्रेहर्बर्ट. १ जानेवारी १९०८ला अॅबरडेअरच्या मैदानावर वेल्सने न्यूझीलंडला ९-८ असं हरवलं. दोन देशांच्या संघांमधला लीगचा हा जगातला पहिला सामना. त्या संघात डेव्हिड जोन्स होता, टोपणनाव ‘टार्व’, म्हणजे वेल्शमध्ये वळू. १९०५ला युनियनमध्ये न्यूझीलंडला हरवणाऱ्या वेल्स संघातही हाच वळू होता. सुरुवात याहून झोकात काय होणार! तरी १९१२नंतर त्या सहांपैकी एकही क्लब लीगमध्ये उरला नाही. प्रतिस्पर्धी बहुतेक यॉर्कशर-लँकशरमध्ये, रेल्वेभाडं भारी, आणि चांगला खेळाडू तयार झाला की उत्तरेकडचा श्रीमंत क्लब त्याला उचलून न्यायचा.

पुढे हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. १९८१ला कार्डिफ सिटी ब्लू ड्रॅगन्स हा पगारी लीग संघ निनियन पार्क या फुटबॉलच्या मैदानावर उतरला. पहिल्या सामन्याला नऊ हजारांवर माणूस, आणि १९८५पर्यंत खेळ खलास. २००६चे केल्टिक क्रुसेडर्स ब्रिजेंडहून सुपर लीग या सगळ्यात वरच्या स्पर्धेपर्यंत पोचले, तिथून रेक्समला हलले आणि २०११ला बंद झाले. माझं मत विचाराल तर वेल्समध्ये लीग कधी कमी पडली नाही, पगारी लीग कमी पडली.

हौशी क्लबांनी उलटी वाट धरली. १९९७ला इंग्लंडच्या दक्षिणेत दहा क्लबांची उन्हाळी स्पर्धा सुरू झाली, पुढे तिचं नाव रग्बी लीग कॉन्फरन्स झालं. २००३ला तिच्यात वेल्सचा स्वतंत्र गट निघाला. कार्डिफ डीमन्स, ट्रेहॅरिसचे व्हॅली कूगर्स ही त्या पिढीतली नावं. युक्ती साधी होती: युनियनचा हंगाम वसंतात संपतो, मग रिकामे खेळाडू आणि त्यांचीच रिकामी मैदानं वापरायची. प्रवास दरीतून दरीत, फार तर तासाभराचा. कुणाला पगार नाही, म्हणून बुडायलाही काही नाही.

आता मैदानावरचा फरक. लीगमध्ये तुम्हाला पाडलं की सगळे बाजूला होतात. तुम्ही उठायचं, समोर तोंड करायचं, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सारायचा. असं पाच वेळा, सहाव्यांदा पाडलं की चेंडू दुसऱ्यांचा. युनियनमध्ये पाडल्यावर तुमच्या अंगावरून ढकलाढकली सुरू होते, आणि रेफ्रीने शिट्टी का वाजवली हे नवख्याला सहा महिने कळत नाही. कबड्डी खेळलेल्याला लीग लवकर जमेल असं मला वाटतं: पकड, सुटका, परत आपल्या जागी. पण दम लागतो. बचाव करताना दर पकडीनंतर दहा मीटर मागे धावायचं, परत पुढे यायचं. ज्याला पळवत नाही त्याने सरळ युनियन धरावं. तिथे जाड्याला स्क्रममध्ये, म्हणजे खांद्याला खांदा लावून ढकलायच्या झुंडीत, आणि उंचाला लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेरून फेकलेला चेंडू उंच झेलायच्या रांगेत, हक्काची जागा आहे. लीगमध्ये लाइनआउट नाहीच आणि स्क्रम नावापुरता.

गुणांचं म्हणाल तर ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं, लीगमध्ये चारचा, युनियनमध्ये पाचचा. यावरून कुणी खेळ निवडत नाही.

माणसांचा हिशेब मात्र करावा. युनियनचे क्लब गावोगाव, क्लबहाउस स्वतःचं, चौथ्या संघातही जागा मिळते, आणि ओळखी होतात त्या नोकरी शोधतानाही उपयोगी पडतात. लीगचे क्लब मोजके, मैदान बहुतेकदा दुसऱ्याचं. त्या बदल्यात नव्या माणसाची गरज खरी असते. आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी कार्डिफ बेमधला पुतळा जरूर बघावा. २०२३ला बसवलेला, लीगच्या तीन खेळाडूंचा: बिली बॉस्टन, क्लाइव्ह सलिव्हन, गस रिसमन. तिघेही याच शहरात जन्मले आणि नाव काढायला उत्तरेला गेले. सलिव्हन १९७२ला लीगचा विश्वचषक जिंकणाऱ्या ग्रेट ब्रिटनचा कृष्णवर्णीय कर्णधार होता. वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९८३ उजाडलं.

विद्यार्थी असाल तर एक अडचण: हौशी क्लबांची लीग ऐन उन्हाळ्यात, तेव्हा तुम्ही पुण्या-नाशकाला घरी. त्यावर उपाय विद्यापीठाचा लीग संघ. त्यांचे सामने हिवाळ्यात, बुधवारी दुपारी. नोकरदाराला ही अडचण नाही. त्याने सप्टेंबरला जवळच्या युनियन क्लबात नाव घालावं आणि हंगाम संपत आला की कपडे बदलायच्या खोलीत विचारावं, ‘उन्हाळ्यात लीग कोण खेळतं?’ दोन-तीन हात वर येतील. त्यातल्या ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याशी आधी मैत्री करा.